पडद्यावरचे मास्तर आणि हातातली पेन्सिल

१९७५ साली बीबीसीवर रविवारी संध्याकाळी दहा मिनिटांचा एक कार्यक्रम सुरू झाला, ‘ऑन द मूव्ह’. त्यात आल्फ नावाचा एक गडी होता, लोकांचं घरसामान हलवणाऱ्या गाडीवर काम करणारा. बोलका, गमत्या आणि निरक्षर. बॉब हॉस्किन्स या नटाने तो उभा केला होता. आता आठवड्याला दहा मिनिटं टीव्ही बघून कुणी वाचायला शिकतं का? नाही शिकत, आणि ते कार्यक्रम करणाऱ्यांनाही पक्कं ठाऊक होतं. त्यांची सगळी मदार होती पडद्यावर दिल्या जाणाऱ्या फोन नंबरवर. घरात बसून आल्फला बघायचं, ‘हा तर माझ्यासारखाच’ असं मनाशी म्हणायचं आणि धीर करून तो नंबर फिरवायचा. मग पलीकडून जवळपासच्या एखाद्या शिकवणाऱ्याशी गाठ घालून दिली जाई. नंबराऐवजी ‘पत्र लिहून कळवा’ असं सांगितलं असतं, तर ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप त्यालाच ते जमलं नसतं!

टीव्हीने माणसाला उंबऱ्यापर्यंत आणलं. आत शिकवणारा माणूस, पुस्तक, वही हे वेगळं मांडून ठेवलेलं होतं. प्रौढांच्या आणि दूरशिक्षणाच्या कितीतरी योजना फसल्या त्या यामुळे, की दार छान सजवलं आणि आत काहीच मांडलं नाही. संयुक्त माध्यमं, बहुमाध्यम संच असे भारदस्त शब्द या क्षेत्रात वापरले जातात. त्यांच्यामागचा प्रश्न मात्र साधा आहे. शिकवणारा आणि शिकणारा एका खोलीत नाहीत. मग शिकण्यातलं कुठलं काम पडद्याने करायचं, कुठलं कागदाने, कुठलं आवाजाने आणि कुठलं माणसाने?

कळल्यासारखं वाटतं, त्याचं काय?

मी काही वर्षं प्रौढांसाठीच्या शैक्षणिक कार्यक्रमांच्या संहिता लिहिल्या. संहितेच्या कागदावर मधोमध उभी रेघ असते. डावीकडे दृश्य, उजवीकडे ध्वनी. एका भागात मी उजवीकडे लिहिलं, ‘आता हे गणित तुमच्या वहीत सोडवा’, आणि डावीकडे, ‘आकडे फिरत राहतात, संगीत, ३० सेकंद’. कागदावर झकास दिसत होतं. पुढे पंधरावीस जणांच्या गटात बसून तो भाग पाहिला, तेव्हा त्या ३० सेकंदांत एकानेही पेन्सिल उचलली नाही. सगळे फिरणाऱ्या आकड्यांकडे बघत बसले. संपल्यावर एक बाई म्हणाल्या, “खाली बघितलं आणि तेवढ्यात काही निघून गेलं तर?”

अगदी बरोबर होतं त्यांचं. पडदा हलत असेल तोवर डोळा तिथून निघत नाही, आणि डोळा निघाल्याशिवाय हात चालत नाही. पुढच्या भागात आम्ही चित्र गोठवलं, प्रश्न मोठ्या अक्षरांत पडद्यावर ठेवला, संगीत बंद केलं आणि कोपऱ्यात उलटे मोजले जाणारे सेकंद दाखवले. प्रक्षेपणवाल्यांनी कुरकुर केली. शांतता पडली की लोकांना प्रक्षेपण बंद पडलंय असं वाटतं, हे त्यांचं म्हणणं. धंद्याच्या दृष्टीने तेही खरंच. टीव्ही हे माध्यम शांततेला घाबरतं, आणि शिकणाऱ्याला तर शांतता लागतेच. ही कुस्ती प्रत्येक शैक्षणिक कार्यक्रमात होते.

दुसरी अडचण जास्त छुपी आहे. टीव्ही बघताना सगळं समजतंय असं वाटतं. निवेदकाचं बोलणं ओळखीचं, चित्रं स्वच्छ, कुठे अडखळायला होत नाही. पुस्तकात एखादं वाक्य कळलं नाही तर आपण थांबतो, मागे जातो, चडफडतो. ते चडफडणं म्हणजेच बऱ्याच अंशी शिकणं. गॅव्ह्रिएल सालोमन या मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकच गोष्ट काही मुलांना टीव्हीवर दाखवली, काहींना छापील वाचायला दिली. मुलांच्या मते टीव्ही सोपा, पुस्तक अवघड. म्हणून टीव्ही बघताना त्यांनी डोकं कमी लावलं, आणि गोष्टीत उघड न सांगितलेलं काही ताडून काढायची वेळ आली तेव्हा वाचणारी मुलं पुढे गेली. सालोमनच्या अभ्यासात शाळकरी मुलं होती, पण दिवसभर राबून संध्याकाळी पडद्यासमोर बसणाऱ्या मोठ्या माणसाचंही वेगळं काही होत नसावं. त्याच्या लेखी टीव्ही म्हणजे आराम. तुम्ही त्याच खोक्यातून बीजगणित दाखवलं म्हणून त्याचं अंग सावरून बसत नाही.

मग टीव्ही हवा कशाला?

कारण काही गोष्टी दुसरं कुणी दाखवूच शकत नाही. बी उगवायला लागणारे दिवस अर्ध्या मिनिटात. हृदयाची झडप उघडताना. वितळलेली काच फुंकणाऱ्याचा हात नेमका कुठे थांबतो ते. हे सारं शब्दांत लिहायला गेलं तर पानंच्या पानं खर्ची पडतात आणि तरी डोळ्यांपुढे काही येत नाही. शिवाय पडद्यावर माणसाचा चेहरा असतो. शाळा सुटून तीस वर्षं झालेल्या माणसाच्या मनात वर्गाची आठवण म्हणजे बहुधा मार आणि लाज. प्रेमळ चेहऱ्याचा, न खेकसणारा मास्तर रोज घरी येऊन बोलतो, ही त्याच्यासाठी लहान गोष्ट नसते.

इटलीत १९६० ते १९६८ या काळात असाच एक मास्तर रोज संध्याकाळच्या सुमाराला टीव्हीवर यायचा. अल्बेर्तो मान्झी, मूळचा प्राथमिक शिक्षक. कार्यक्रमाच्या नावाचा अर्थ होता, ‘कधीच फार उशीर झालेला नसतो’. सांगतात की निवड चाचणीत हातात दिलेली संहिता त्याने फाडून टाकली आणि मोठे कागद मागवून घेतले. पुढे कोळशाने कागदावर चित्र काढत शिकवणं हीच त्याची ओळख झाली. त्यात मोठी खुबी होती. छापील चित्र एकदम समोर आलं तर बघणारा ‘हं, कळलं’ म्हणून मोकळा होतो. पण एक रेघ, मग दुसरी, मग तिसरी अशी येत गेली की तो मनातल्या मनात अंदाज बांधायला लागतो: हे काय होणार? घर? गाढव? चित्र पुरं होईपर्यंत तो बांधलेला, आणि त्यानंतर आलेलं अक्षर त्याच्या अंदाजाला चिकटूनच डोक्यात शिरतं.

मान्झीचा कार्यक्रम लोकांनी नुसता घरी बसून पाहिला असंही नाही. देशभर पाहण्याची केंद्रं होती. तिथे टीव्ही संच आणि प्रत्यक्ष शिक्षक, दोन्ही असायचे. टीव्हीची गोष्ट निघाली की मान्झीचं नाव सगळे घेतात. केंद्रातल्या त्या शिक्षकांची नावं कुणाला माहीत नसतात.

आता जोडाजोडी

माध्यमं एकत्र आणणं म्हणजे एकच धडा चार ठिकाणी छापणं नव्हे. टीव्हीवर जे सांगितलं तेच पुस्तिकेत, तेच रेडिओवर, तेच व्याख्यानात, असं झालं की शिकणारा शहाणा असेल तर त्यातलं एक ठेवतो आणि तीन सोडून देतो. खरी जोडणी कुलूपकिल्लीसारखी असते. एकाशिवाय दुसरं चालतच नाही.

माझ्या मते याचा सगळ्यात सुरेख नमुना टीव्हीचा नाहीच, रेडिओचा आहे. स्पेनच्या ताब्यातल्या कॅनरी बेटांवर १९६५ मध्ये रेडिओ एक्का सुरू झाला, प्रौढांना शिकवण्यासाठी. शिकणाऱ्याच्या हातात त्या दिवसाच्या धड्याचा छापील कागद. रेडिओवरचे शिक्षक त्या कागदावरून बोट धरून नेतात: अमुक चौकटीत हा शब्द लिहा, खालच्या रेघेवर बेरीज मांडा. कागदावर मुद्दाम जागा कोऱ्या सोडलेल्या. त्यामुळे रेडिओ ऐकला नाही तर कागद अपुरा, आणि कागद समोर नसेल तर रेडिओवरचं बोलणं अधांतरी. तिसरा घटक प्रत्यक्ष भेटणारा शिक्षक. तो भरलेले कागद घेतो, नवे देतो आणि अडलेलं सोडवतो. कोरा कागद भरून आलाय की नाही, यावरून त्या शिक्षकाला क्षणात कळतं की माणूस घरी ऐकत होता की नुसता रेडिओ चालू ठेवून झोपला होता.

या पद्धतीत हात सतत चालू राहतो. माझ्या त्या ३० सेकंदांच्या फजितीनंतर मला याचं मोल कळलं.

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठानेही अशीच एक युक्ती ऑडिओ कॅसेटवर केली. पुस्तकात आकृती, नकाशा किंवा गणित उघडून ठेवायचं आणि कॅसेटवरचा आवाज कानाशी बोलत राहतो: आता डावीकडची रेघ बघा, ती कुठे वळते? थांबवा, विचार करा, मग पुढे ऐका. डोळा आकृतीवर, कान आवाजावर, बोट बटणावर. टीव्हीच्या तुलनेत हे फारच गरीब दिसतं, पण थांबायचं कधी हे शिकणाऱ्याच्या हातात असतं.

नावातून गेलेली हवा

या विद्यापीठाच्या जन्माची कथा टीव्हीबद्दल बरंच काही सांगून जाते. १९६३ मध्ये हॅरल्ड विल्सन यांनी कल्पना मांडली ती ‘हवेतल्या विद्यापीठा’ची, म्हणजे रेडिओ आणि टीव्हीच्या लहरींवरून चालणाऱ्या. विल्सन पंतप्रधान झाल्यावर जेनी ली या मंत्र्यांनी ती तडीस नेली. पण १९६९ मध्ये सनद मिळाली तेव्हा नाव होतं मुक्त विद्यापीठ. हवा नावातून गेली ते बरं झालं, कारण ती प्रत्यक्ष अभ्यासातही फारशी नव्हती. १९७१ मध्ये शिकवणं सुरू झालं, तेव्हाचा टीव्ही कार्यक्रम साधारण २५ मिनिटांचा. विद्यार्थ्याने आठवड्याला दहा ते चौदा तास अभ्यास करावा ही अपेक्षा. बारा तास धरले तर ७२० मिनिटांतली २५. शेकड्याला साडेतीनसुद्धा नाही! उरलेला वेळ टपालाने आलेल्या पुस्तकांत, घरी पाठवलेल्या प्रयोगाच्या पेटीत, असाइनमेंट लिहिण्यात आणि उन्हाळ्यातल्या निवासी वर्गात जायचा. लोकांच्या लक्षात मात्र राहिले भल्या पहाटे आणि रात्री उशिरा टीव्हीवर दिसणारे प्राध्यापक. अभ्यासक्रमाचे ते कार्यक्रम २००६ मध्ये थांबले. विद्यापीठ चालूच आहे.

पुस्तकांबद्दल दोन शब्द. दूरशिक्षणाचं पुस्तक म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे. ते ‘तुम्ही’ म्हणून बोलतं, मध्येच प्रश्न विचारतं, उत्तर लिहायला जागा सोडतं, आणि पुढच्या पानावर ‘तुम्ही बहुधा असं लिहिलं असेल, पण बघा’ असं म्हणून चूक दाखवतं. बोर्ये होल्मबेर्ग या स्वीडिश अभ्यासकाने दूरशिक्षणाला मार्गदर्शन करत चाललेला संवाद मानलं, त्याचा अर्थ हाच. आपल्याकडे ‘स्वयंअध्ययन साहित्य’ असा शिक्का मारून जी पुस्तकं निघतात, त्यांतली बरीच मला व्याख्यानाच्या टिपणांसारखीच वाटतात.

आणि हे पुस्तक कार्यक्रमाच्या आधी पोचायला हवं. हास्यास्पद वाटेल, पण अनेक चांगल्या योजना इथेच अडखळतात. प्रक्षेपणाची तारीख हलत नाही, छापखान्याची हलते. पहिला भाग दाखवून तीन आठवडे झाल्यावर पुस्तिका येते: वरातीमागून घोडं.

गटाची जादू

टीव्ही किंवा रेडिओ एकट्याने ऐकणं आणि दहा जणांनी मिळून ऐकणं यात केवढा फरक पडतो, याचा जुना आणि चांगला पुरावा पुणे आकाशवाणीच्या प्रयोगातून मिळाला. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने १५० गावांत रेडिओ शेतकरी मंडळं काढली होती. कल्पना कॅनडातल्या, १९४१ पासून चाललेल्या शेती रेडिओ मंडळांची. कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची, मग करून बघायचं. मंडळातले प्रश्न आणि मतं आकाशवाणीकडे परत जायची. पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने मंडळं असलेली गावं, रेडिओ असूनही मंडळ नसलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं यांची तुलना केली. मंडळांच्या गावात लोकांच्या माहितीत ठळक भर पडली. नुसता रेडिओ असलेल्या गावात जेमतेम. म्हणजे प्रक्षेपण तेच, आवाज तोच. फरक केला तो ऐकून झाल्यानंतरच्या गप्पांनी.

जर्मनीतल्या बव्हेरियात १९६७ पासून टेलेकोलेग चालू झालं. टीव्हीचे धडे, छापील साहित्य आणि ठरलेल्या दिवशी प्रत्यक्ष वर्ग, असा तिपेडी गोफ. चीनने १९७९ मध्ये केंद्रीय रेडिओ-टीव्ही विद्यापीठ उघडलं. पडद्यावर बहुतेक वेळ फळ्यासमोर उभा प्राध्यापक, म्हणजे टीव्ही म्हणून नीरस. पण अनेक शिकणाऱ्यांना कामाच्या वेळातून सवड मिळायची आणि कामाच्या ठिकाणीच गटाने बसून ते बघायचे, शेजारी शिकवणारा असायचा. कार्यक्रम सुमार आणि मांडणी पक्की असली तर काम निभतं. उलटं झालं तर निभताना मी पाहिलेलं नाही.

भारतातल्या साइट प्रयोगाबद्दल, म्हणजे ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात नासाच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत दाखवलेल्या टीव्हीबद्दल, पुष्कळ लिहिलं गेलंय. जाळीच्या छत्रीसमोर जमलेल्या गावकऱ्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. त्याच प्रयोगात प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण मिळालं, त्याची चर्चा कमी होते. बारा दिवसांचा कार्यक्रम, त्यात टीव्ही, रेडिओ, छापील साहित्य, हाताने करायचे प्रयोग आणि केंद्रावर चर्चा घडवणारा माणूस. दोन फेऱ्यांत मिळून सुमारे ५० हजार शिक्षक त्यातून गेले. इतक्या लोकांना एका वर्षात तज्ज्ञांसमोर बसवणं अशक्यच होतं.

पैशाचं गणित

टीव्हीचा खर्च आधी होतो आणि एकदाच होतो. संहिता, चित्रीकरण, संकलन यांवर जो पैसा जाईल तो जाईल, मग बघणारे शंभर असोत की लाख. दर माणशी खर्च लाखात वाटला की नगण्य होतो. वही तपासणारा माणूस याच्या बरोबर उलट. विद्यार्थी दुप्पट झाले की समंत्रकही दुप्पट लागतात, मानधनही दुप्पट. (समंत्रक म्हणजे मुक्त विद्यापीठात अभ्यासकेंद्रावर भेटून अडलेलं समजावणारा. शब्द जड आहे, माणूस उपयोगी.) त्यामुळे पैशाची ओढाताण झाली की कात्री पहिल्यांदा कुठे लागते ते उघड आहे. टीव्हीवर आधीच खर्च झालेला असतो, तो दिसतोही, आणि उद्‌घाटनाला मंत्र्यांना बोलावता येतं. वह्यांच्या गठ्ठ्याचं उद्‌घाटन कोण करणार?

रिचर्ड क्लार्क या अमेरिकन अभ्यासकाने १९८३ मध्ये टोकाचं मत मांडलं. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा, की माध्यम म्हणजे किराणा पोचवणारा ट्रक. ट्रक बदलल्याने खाणाऱ्याचं पोषण बदलत नाही. शिकणं होतं ते शिकवण्याच्या पद्धतीमुळे, पडद्यामुळे किंवा कागदामुळे नाही. या मतावर वर्षानुवर्षं वाद झाले. मला क्लार्क तीनचतुर्थांश पटतो. उरलेल्या पावात मान्झीचा कोळसा येतो. रेघेमागून येणारी रेघ पुस्तकाला दाखवता येत नाही, आणि काही माल काही ट्रकमध्ये नासतोच.

आणि आता फोन

जुन्या टीव्हीची मोठी खोड होती की तो थांबत नसे. आता व्हिडिओ थांबतो, मागे जातो, सावकाश चालतो, खाली अक्षरं दाखवतो. एवढं सगळं हातात येऊनही २०१२ पासून गाजलेल्या मोठ्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत नाव नोंदवणाऱ्यांपैकी पूर्ण करणारे बहुतेक वेळा दहात एकसुद्धा नसतात. या अभ्यासक्रमांना इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘मूक’ म्हणतात. मराठीत हा शब्द किती चपखल बसतो! तुम्ही चार आठवडे गायब झालात तरी तिकडून कुणी ‘काय हो, दिसला नाहीत’ असं विचारत नाही. फार तर मशीनने पाठवलेला ईमेल येतो.

जुन्या प्रक्षेपणाबरोबर वेळापत्रकही गेलं, हे आपल्या उशिरा लक्षात आलं. रात्री ठरलेल्या वेळी कार्यक्रम लागणार म्हणजे लागणार, चुकला तर गेला, या धाकाने माणूस बसायचा. घरातलेही त्या वेळेपुरते गप्प राहायचे. व्हिडिओ केव्हाही बघता येतो, म्हणून तो उद्यावर जातो. यावर काही ठिकाणी केलेला उपाय अगदी जुनाच आहे. व्हिडिओ आठवड्याला एकच खुला करायचा, शिकणाऱ्यांचे आठदहा जणांचे गट पाडायचे आणि ठरलेल्या दिवशी फोनवर का होईना, एकत्र बोलायचं. म्हणजे फिरून रेडिओ मंडळच, फक्त खिशातलं.

हल्ली कुणी नवीन अभ्यासक्रमाचा आराखडा दाखवायला आणलं की मी व्हिडिओ किती, स्टुडिओ कुठला, हे आधी विचारत नाही. पहिल्या आठवड्यात शिकणाऱ्याने नक्की काय लिहून पाठवायचं, ते कोण वाचणार, आणि शेरे लिहिलेली वही किती दिवसांत त्याच्या हातात परत पडणार, एवढं विचारतो. बहुतेक आराखड्यांत त्या रकान्यापुढे ‘नंतर ठरवू’ असं लिहिलेलं असतं.